इतिहास वयाने वाटून द्यावा का?

घरी शिकणाऱ्या मुलांना महाराष्ट्राचा इतिहास कसा शिकवावा, यावर पालकांच्या बैठकांमध्ये जो वाद चालतो, तो बहुतेक वेळा कोणत्या वयाला काय शिकवायचे या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, बालभारतीच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे रुळलेला क्रम मोडू नये. चौथीला शिवछत्रपती, पाचवीला आदिमानव, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला आधुनिक काळ. घरात सहा, दहा आणि चौदा वर्षांची तीन मुले असतील, तर तिघांची तीन पुस्तके आणि तीन तास. दुसऱ्या पक्षाला मुळात पुस्तकच नको असते. किल्ले दाखवावेत, गोष्टी सांगाव्यात, मूल विचारील तेव्हा उत्तर द्यावे, बाकीचे आपोआप होते, अशी त्यांची श्रद्धा. दोन्ही पक्ष एकमेकांना हट्टी ठरवतात, आणि ज्या गोष्टीवर वाद व्हायला हवा तिला कोणीच हात लावत नाही. आपण मुलाला इतिहास म्हणून जे सांगतो ते खरे आहे, हे त्याला कशावरून कळावे? माझे मत असे की, प्रादेशिक इतिहास घरातल्या सगळ्या मुलांनी एकत्र, एकाच स्थळाच्या आधाराने शिकावा. स्थळ सर्वांना एकच असावे, वयाप्रमाणे शोधाचे काम तेवढे बदलावे. आणि पुराव्याचा प्रश्न सर्वांत धाकट्यापासून सर्वांत थोरल्यापर्यंत कोणालाही माफ नसावा.

या मताविरुद्धचा पहिला आक्षेप वजनदार आहे. सहा वर्षांच्या मुलाला काळ कळत नाही. आजीचे बालपण, शिवाजी महाराज आणि रामायण ही सगळी त्याच्या मनात ‘पूर्वी’ या एकाच खणात बसलेली असतात, आणि साडेतीनशे वर्षे म्हणजे किती, हे त्याला कितीही समजावले तरी उमगत नाही. शाळेच्या अभ्यासक्रमात परिसरापासून राज्याकडे आणि राज्यापासून देशाकडे जाण्याचा जो क्रम असतो, त्यामागे लहान मुलांच्या आकलनाचा गंभीर विचार आहे. हे सर्व मान्य. पण यातून निघते ते एवढेच की सहा वर्षांच्या मुलाला सनावळी देऊ नये. त्याला त्या स्थळापासून, त्या वस्तूपासून दूर ठेवावे, असे यातून कुठे निघते? काळाचे भान नसलेल्या मुलाला झीज दिसते, दगडावरची छिन्नीची खूण दिसते, पायरी कोणीतरी खोदली आहे आणि कडा आपोआप झाला आहे, हा फरकही दिसतो. माणसाने केलेले आणि निसर्गाने झालेले वेगळे ओळखणे हेच पुरातत्त्वाचे पहिले पाऊल आहे, आणि त्यासाठी दहापर्यंत मोजता आले तरी पुरते.

नाणेघाटाचे उदाहरण घेऊ. जुन्नरहून पश्चिमेला गेले की पठार संपते आणि कड्याच्या खिंडीतून कोकणात उतरणारी दगडी वाट लागते. घाटमाथ्यावर कोरलेले लेणे आहे, पाण्याची टाकी आहेत आणि एक भलामोठा दगडी रांजण आहे. लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो, आणि बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्या नाहीत, पण प्रत्येकीच्या वर कोरलेली नावे उरली आहेत. येथे सहा वर्षांचे मूल टाकी मोजील, वाट कुठे खोदलेली आणि कुठे रचलेली आहे ते बोटाने दाखवील आणि नावांखाली माणसे का नाहीत, असे विचारील. दहा वर्षांची मुलगी नकाशा काढील: सोपारा आणि कल्याण ही बंदरे, मधला घाट, वर जुन्नर, पुढे पैठण. ओझे लादलेल्या बैलाला एका दिवसात किती चालता येते याचा अंदाज ती कोणा जाणत्या शेतकऱ्याला विचारून बांधील आणि टाकी घाटमाथ्यावरच का, याचे उत्तर तिचे तिलाच सापडेल. चौदा वर्षांचा मुलगा लेखाचे भाषांतर वाचील. त्यात यज्ञांची यादी आहे, दक्षिणा म्हणून दिलेल्या, हजारांत मोजलेल्या गाई आहेत, नाण्यांच्या रकमा आहेत, संकर्षण-वासुदेवांना वंदन आहे. त्या रकमा लिहिताना दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात याच चिन्हांचा अभ्यास करून भारतीय अंकांच्या इतिहासात भर घातली. गणिताच्या वहीत रोज शून्य लिहिणाऱ्या मुलाला त्या भिंतीसमोर जे कळेल, ते तीन पुस्तकांच्या तीन तासांत कळेल का?

पण माझा मुद्दा सहल रंजक करण्याचा नाही. जुन्नर परिसरात तो रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो. व्यापारी वर चढून आले की त्यात नाणी टाकत, असे सांगतात. हे ऐकले की प्रत्येक मूल खूश होते. आता चौदा वर्षांच्या मुलाने लेखाचे भाषांतर पुन्हा चाळावे. यज्ञ आहेत, दाने आहेत, जकातीचा उल्लेख नाही. मग रांजण जकातीचा नव्हता काय? तसेही म्हणता येत नाही. मोक्याच्या घाटावर जकात घेतली जात असणे अगदी संभवनीय आहे, फक्त हा दगड तिचा साक्षीदार आहे असे म्हणायला पुरेसा आधार समोर नाही. ‘शक्य आहे’, ‘संभवनीय आहे’ आणि ‘सिद्ध आहे’ या तीन पायऱ्या मुलाला वेगळ्या दिसू लागणे, याला मी इतिहासाचे शिक्षण म्हणतो. ही चर्चा चालू असताना सहा वर्षांचे मूल तेथेच बसलेले असते. त्याला सगळे कळत नाही. पण मोठ्या माणसांनी सांगितलेली छान गोष्टसुद्धा तपासता येते आणि तपासण्याने कोणी रागावत नाही, एवढे त्याला नक्की कळते.

जुन्नरला परत येऊन शिवनेरीला गेले की हाच प्रश्न अधिक नाजूक होतो. शिवजयंती काही ठिकाणी तारखेने होते, काही ठिकाणी तिथीने, आणि कोणतेही चाणाक्ष मूल विचारतेच की वाढदिवस दोन कसे. बहुतेक पालक तेवढ्यावरच थांबतात. खरी हकीकत याहून मोलाची आहे. एके काळी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाला असे मानले जाई. भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यातील शकावली, म्हणजे सालवार घडामोडींची नोंद, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. परमानंद कवीच्या शिवभारत या काव्यातही हीच तिथी मिळते. त्यावर पुढे अनेक दशके वाद झाला आणि शेवटी राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. महाराष्ट्राला सर्वाधिक प्रिय असलेल्या माणसाची जन्मतारीख एका घरातल्या जुन्या कागदामुळे बदलली, आणि ती बदलल्याने महाराजांचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगायला भ्यायचे कारण काय? चिकित्सेने आदर उणावतो असे ज्यांना वाटते, त्यांनी जेधे शकावलीचा वाद पुन्हा वाचावा. त्यात भांडणारे सगळेच शिवभक्त होते.

गोष्टी सांगण्याचा आग्रह धरणाऱ्यांना येथे थोडे अधिक द्यायला हवे. गोष्टीवाचून लहान मुलाच्या मनात इतिहास रुजत नाही, आणि ज्याच्या मनात तो रुजलाच नाही त्याला पुराव्याशी काय देणेघेणे? अफजलखानाच्या वधाची गोष्ट सहाव्या वर्षी ऐकावी, तीही पोवाड्यातून ऐकावी, हे मला पूर्ण मान्य आहे. माझी अट इतकीच की सांगणाऱ्याचे नावही सांगावे. अज्ञानदासाचा पोवाडा त्या काळातला आहे. जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला तो १८६९ साली, आणि त्यातला राजा शेतकऱ्यांचा राजा आहे. एकच माणूस, दोन शाहीर, मध्ये दोनशे वर्षांचे अंतर. धाकटा दोन्ही ऐकून डोलेल, मधली म्हणेल की या दोघांनी वेगळे सांगितले आहे, आणि थोरल्याला विचारता येईल की १८६९ च्या पुण्यात फुल्यांना असा पोवाडा रचावासा का वाटला. ज्या घरात गोष्ट सांगितली जाते पण सांगणारा लपवला जातो, त्या घरातले मूल मोठेपणी मोबाइलवर आलेला प्रत्येक मजकूर इतिहास म्हणून स्वीकारते. आणि ती वेळ आता चौदाव्या वर्षाच्याही आधी येते.

धाकट्यांसोबत शिकताना थोरला मागे पडतो, हा आक्षेप मला तितकासा भक्कम वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे राज्यातल्या असंख्य जिल्हा परिषद शाळांत एकच शिक्षक एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता शिकवतो. त्या शिक्षकांना बहुवर्ग अध्यापनाचा जो अनुभव आहे, तो होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांनी हात जोडून मागून घ्यावा असा आहे. इंग्रज येण्यापूर्वी पंतोजींच्या शाळेतही वयाप्रमाणे वर्ग नव्हते, पुढे गेलेला मुलगा मागच्याला धुळाक्षरे गिरवून देई. मद्रासजवळ एग्मोरच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेलने तिकडच्या देशी शाळेत वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले पाहिली, ती रीत उचलली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिच्याविषयी लिहिले; पुढे इंग्लंडमधल्या कितीतरी शाळा या ‘मद्रास पद्धती’ने चालल्या. मी जुन्या शाळेचे गोडवे गात नाही. तिच्यात मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या समाजांची मुले नव्हती, आणि म्हणूनच १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात फुले दांपत्याला मुलींची शाळा काढावी लागली. शिवाय त्या शाळेत इतिहास हा विषयच नव्हता. पण समजावून सांगताना आपल्याला किती कमी कळले आहे हे थोरल्याला समजते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. सहा वर्षांच्या भावाला नागनिकेचा यज्ञ समजेल अशा शब्दांत सांगणे हे चौदा वर्षांच्या मुलासाठी चार गुणांच्या टिपेपेक्षा अवघड काम आहे.

वयाच्या वादात आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे प्रदेश. पुण्यात बसून बेतलेला क्रम नागपूरच्या, नांदेडच्या किंवा मडगावच्या घरात जसाच्या तसा चालत नाही. नागपूरच्या मुलाचा प्रादेशिक इतिहास देवगडच्या गोंड राजांपासून, शहर वसवणाऱ्या बख्त बुलंद शाहापासून सुरू व्हायला हवा. त्याच्या शहरात भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, आणि १९५६ पर्यंत ते आधी मध्य प्रांताच्या आणि मग जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. पुण्याच्या मुलाचा मोठा खंड पेशवाई संपली त्या १८१८ साली पडतो. मराठवाड्यातल्या आजोबांचे स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ चे, तर गोव्यातल्यांचे १९ डिसेंबर १९६१ चे. घरातल्या भिंतीवर काळाची पट्टी लावलीच तर तिच्यावर या सगळ्या तारखा एकाखाली एक याव्यात, म्हणजे मराठी बोलणाऱ्या सगळ्यांचा भूतकाळ एकाच घड्याळावर चालला नाही हे मुलांच्या लक्षात येईल. परदेशातल्या मराठी घरांनाही हे लागू आहे. तिकडच्या मुलाने मराठ्यांचा इतिहास शिकावाच, पण ज्या गावात तो वाढतो त्या गावाचाही शिकावा, नाहीतर त्याच्या लेखी इतिहास म्हणजे सुट्टीत भारतात येऊन पाहण्याची चीज होऊन बसेल.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो. तो होमस्कूलिंगचे विरोधक घेतात, आणि तो त्यांनी जितक्या जोरात मांडायला हवा तितक्या जोरात ते मांडत नाहीत, म्हणून मीच मांडतो. शाळेचा वर्ग कितीही नीरस असो, त्यात निरनिराळ्या जातींची, धर्मांची, आर्थिक स्तरांची मुले एका बाकावर बसण्याची निदान शक्यता असते. घरात ती नसते. घरात शिकवला जाणारा प्रादेशिक इतिहास पाहता पाहता कुळाचा, जातीचा, फार तर आळीचा इतिहास होतो. आपल्या पूर्वजांची वतने, आपल्या समाजाचे वीर, आपल्यावर झालेले अन्याय. त्याला हटकणारा दुसरा आवाज जेवणाच्या टेबलाभोवती नसतो, आणि शिकवणारी माणसे आईवडीलच असल्याने मुलाची निष्ठा आणि मुलाचे ज्ञान यांची गाठ पक्की बसते. हा धोका खरा आहे. पुस्तकाचा क्रम पाळल्याने तो टळत नाही, गोष्टी सांगितल्याने तर तो वाढतोच.

स्थळ केंद्रस्थानी ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी. नायक निवडता येतो, कालखंडही निवडता येतो. स्थळ एकदा ठरले की त्यात घडलेले सगळे अंगावर येते. रायगडाला जाणारी कितीतरी कुटुंबे महाडवरून पुढे जातात. गडावर ६ जून १६७४ चा राज्याभिषेक झाला. महाड गावात चवदार तळे आहे, तेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्यायले. गावाजवळच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. सगळे एकाच तालुक्यात, एका दिवसाच्या अंतरात. ‘महाड तालुका’ असा विषय घेतला तर यातले एक पाहून दुसरे वगळणे हा उघड निर्णय होतो, आणि दहा वर्षांची मुलगी तो पकडते. जुन्नरलाही हेच. शिवनेरी पाहणाऱ्याला त्याच डोंगरात कोरलेली लेणी टाळता येत नाहीत. जुन्नरच्या लेण्यांतल्या दानलेखांत स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणारे दाते आहेत, व्यवसायांच्या श्रेणी, म्हणजे कारागिरांचे संघ, आहेत. याच जुन्नरातून अहमदनगरच्या निजामशाहीची सुरुवात झाली, आणि त्या निजामशाहीला अखेरच्या काळात तगवून धरणारा मलिक अंबर हा हबशी गुलाम म्हणून या देशात आला होता. यांतले कोण आपले आणि कोण परके, हे मुलाला आधी सांगून टाकू नये. कोणी काय बांधले, कोणाकडून कर घेतला, कोणाला पाणी दिले, हे आधी पाहू द्यावे.

याच कारणासाठी मी असे म्हणतो की प्रत्येक वर्षी एक तरी विषय असा घ्यावा ज्याचा कागद घरात नाही. १९७२ च्या दुष्काळाचा घ्या. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून पुण्यामुंबईच्या वस्त्यांत आलेली कितीतरी कुटुंबे त्या वर्षी गाव सोडून आलेली आहेत. ज्या घरात होमस्कूलिंग चालते, त्याच घरात धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींच्या आईने तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडलेली असू शकते. त्यांची संमती घेऊन, त्यांच्या सवडीने, त्यांच्या वेळेचा मोबदला देऊन मुलांनी ऐकावे. धाकटा विचारील, काय खात होतात? उत्तरात सुकडी येईल, रेशनची तांबडी मिलो ज्वारी येईल. मधली दोन-तीन जणांचे ऐकून कुठे जुळते आणि कुठे जुळत नाही ते लिहील. थोरला त्या कामांचा धागा रोजगार हमी योजनेपर्यंत, राज्याच्या १९७७ च्या कायद्यापर्यंत आणि तेथून २००५ च्या केंद्राच्या कायद्यापर्यंत नेईल. कोणाच्या आठवणीला पुरावा मानायचे आणि कोणाच्या आठवणीला नुसती गप्पा, हा प्रश्न त्या घरात प्रथमच उपस्थित होईल, आणि तो आईवडिलांच्या जातीच्या व वर्गाच्या बाहेरून आलेला असेल.

परीक्षेची चिंता करणाऱ्यांसाठी थोडक्यात. मुक्त विद्यालयातून द्या की खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा अर्ज भरून राज्य मंडळातून द्या, दहावीचा अभ्यास तेराव्या-चौदाव्या वर्षी हाती घेतला तरी पुरतो. शिवाय राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरेपासून होते; लहानपणापासून आधार विचारत आलेल्या मुलाला तो धडा परका वाटणार नाही.

राहिला प्रश्न घराबाहेरच्या आवाजाचा, आणि त्याचे उत्तर मराठी इतिहाससंशोधनाच्याच परंपरेत आहे. ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासावर १८६७ साली साधार टीका करणारे निळकंठ जनार्दन कीर्तने तेव्हा नुकती विशी ओलांडलेले तरुण होते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने १८९८ पासून खंडामागून खंड छापणारे राजवाडे कोणत्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. घरोघरी, वाड्यावाड्यांतून फिरून त्यांनी दप्तरे गोळा केली. संस्थेबाहेर राहून इतिहास अभ्यासता येतो, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा? पण त्याच राजवाड्यांनी १९१० साली मेहेंदळ्यांसह भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, कारण सापडलेला कागद इतरांसमोर वाचल्याशिवाय आणि त्यावर आक्षेप ऐकल्याशिवाय संशोधन पुरे होत नाही. आणि कायस्थ प्रभूंविषयी राजवाड्यांनी जे लिहिले त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ साली आख्खा ग्रंथ लिहून उत्तर दिले. प्रचंड साधने हाताळलेल्या माणसाचाही पूर्वग्रह दुसऱ्या समाजातल्या वाचकालाच दिसला. होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांनी म्हणून महिन्यातून एकदा तरी एकत्र बसावे, पण फक्त आपसात नव्हे. गावातल्या जिल्हा परिषद शाळेची मुले, वस्तीतल्या अभ्यासिकेत येणारी मुले आणि त्यांचे शिक्षक यांना त्यात बरोबरीचे स्थान असावे. प्रत्येक घरातल्या मुलांनी आपले एक स्थळ मांडावे, धाकट्याने चित्र दाखवावे, थोरल्याने आधार सांगावेत, आणि प्रश्न विचारण्याचा पहिला मान दुसऱ्या घरातल्या मुलाला द्यावा. त्या वेळी आईवडिलांनी मागच्या रांगेत बसावे आणि मुलाच्या वतीने उत्तर देऊ नये.